किमतीसाठी इनबॉक्स

गेल्या दिवाळीआधी डोंबिवलीला मावसबहिणीकडे गेलो होतो. ती गेली अकरा वर्षं फराळ करून विकते. दोन मदतनीस बायका भाजणी मळत होत्या, कढईत चकल्या पडत होत्या आणि ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला होता. तेलाचे हात लागतात म्हणून त्याला धुतलेली दुधाची पिशवी चढवलेली. फोन दर मिनिटाला किणकिणायचा. ताई सोऱ्या फिरवता फिरवता मला म्हणायची, "वाच रे, काय म्हणतेय ती?" मी वाचत होतो. व्हॉट्सॲपवर एकीने विचारलेलं, चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या? इन्स्टाग्रामवर फोटोखाली नुसतंच "प्राइस?" फेसबुकवर एक काका आठवणीत रमलेले: पूर्वी शेजारपाजारच्या बायका एकमेकींकडे जाऊन फराळ करायच्या, आता विकत आणायचे दिवस आले. त्याला अठरा लाइक आणि ऑर्डर शून्य. मध्येच दीड मिनिटाचा एक व्हॉइस मेसेज आला. त्यात गुडघेदुखी होती, सुनेची नोकरी होती आणि शेवटच्या दहा सेकंदांत दोन किलो शंकरपाळ्या होत्या.

या ऑर्डरी फ्रिजवरच्या दोनशेपानी वहीत जातात. रात्री अकरानंतर ताई पाच ठिकाणचे निरोप चाळते आणि एकेक करून वहीत उतरवते. त्या रात्री एक ऑर्डर दोनदा लिहिली गेली, कारण त्याच बाईने आधी इन्स्टावर आणि मग व्हॉट्सॲपवर विचारलं होतं. एक ऑर्डर लिहायची राहूनच गेली. ती सापडली भाऊबीजेच्या सकाळी, गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा.

छोट्या उद्योजकांना 'डिजिटल साक्षर' केलं पाहिजे, असं गेली काही वर्षं प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतं. त्यासाठी शिबिरं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, शेवटी समोसा-चहा होतो. मला हे निदानच पटत नाही. माझ्या ताईला रील करता येतं, स्टेटस टाकता येतं, क्यूआर कोड पाठवता येतो. तिला जमत नाही ते हे की दिवसाचे तेच चौदा तास चकलीलाही द्यायचे आणि फोनलाही. शिवाय ज्या बाजारात ती बसते, त्याचे नियम कोण ठरवतं आणि कधी बदलतं, ते तिला कळायला मार्ग नाही. या दोन गोष्टी धरून पुढचा आढावा घेतो आहे.

हा बाजार उभा कसा राहिला, ते थोडक्यात. 2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओ. एकाने पैसे फोनवर आणले, दुसऱ्याने डेटा स्वस्त केला. 2018 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने धंदेवाल्यांसाठी वेगळं ॲप काढलं आणि पुढच्या वर्षी त्यात कॅटलॉग आला. तरीही पुष्कळांच्या दृष्टीने खरी सुरुवात 2020 च्या टाळेबंदीत झाली. हापूसचा हंगाम तोंडावर होता, वाशीच्या बाजाराचं गणित विस्कटलं होतं आणि कोकणातल्या बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर थेट पेट्या विकल्या. सोसायटीचा सेक्रेटरी ऑर्डरी गोळा करायचा, टेम्पो गेटपर्यंत यायचा. तेव्हा लागलेली सवय पुढे टिकली. त्या उन्हाळ्यात अनेक घरांत लोणची, मसाले, केक, मोदक यांचे धंदे सुरू झाले. बऱ्याच जणांची नोकरी गेलेली होती, म्हणून सुरू झाले, हेही विसरता कामा नये.

आता त्या शब्दाकडे येतो जो मराठी विक्रेत्यांच्या प्रत्येक दुसऱ्या पोस्टखाली दिसतो: किमतीसाठी इनबॉक्स करा. बाहेरून बघणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. किंमत लिहायला काय होतं? मी हा प्रश्न बऱ्याच जणींना विचारला. एक म्हणाली, शेजारच्या विंगमधली बाई माझा दर बघून दहा रुपयांनी कमी लावते. दुसरी म्हणाली, तेल महिन्यात दोनदा महागतं आणि जुनी पोस्ट कुणीतरी दिवाळीला उकरून काढतं, "तुम्हीच लिहिलंय ना?" येवल्याची पैठणी विकणारा एक जण म्हणाला, आकडा बघितला की माणूस पुढे वाचतच नाही, बोलायला लागला की काठ-पदर समजावता येतो. तिघांचीही कारणं खरी आहेत. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर इनबॉक्समध्ये जाणं म्हणजे दुकानात शिरून मालकाशी डोळा भिडवणं. नुसतं बघायला आलेल्याला ते नको असतं. मग तो किंमत छापलेल्या मोठ्या संकेतस्थळाकडे वळतो. विक्रेत्याच्या बाजूने पाहिलं तर पन्नास जणांना पन्नासदा तोच दर कळवायचा, आणि त्यातले चाळीस "ओके, सांगते" म्हणून गायब. या "सांगते"वर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.

कॅटलॉगमध्ये दर एकदा भरून ठेवला की यातलं निम्मं काम वाचतं. तरी तो भरलेला क्वचित दिसतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, "वेळच नाही झाला." मला हे कारण सगळ्यात प्रामाणिक वाटतं. तीस सेकंदांचं रील करायला दोन तास जातात: उजेड बघायचा, ओटा पुसायचा, चित्रण तीनदा करायचं, मग कापाकापी, मग गाणं. गाण्याचीही गंमत आहे. इन्स्टाग्रामवर खातं 'बिझनेस' प्रकारचं केलं की चालू सिनेमातली बरीचशी गाणी हाताशी राहत नाहीत, कारण संगीताचे हक्क धंद्याच्या वापरासाठी दिलेले नसतात. म्हणून कितीतरी जणी खातं मुद्दाम वैयक्तिक ठेवतात. मग धंद्याच्या खात्याला मिळणारी आकडेवारी आणि जाहिरातीची सोय हातची जाते. गाणं हवं की आकडे, असा हा सौदा. बहुतेक जणी गाणं निवडतात आणि मी त्यांना दोष देणार नाही.

मोठ्या कंपनीत हे काम करायला पगारी माणसं असतात. इथे तेच काम मालकीण करते, नाहीतर तिची बारावीतली मुलगी. मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली की खातं झोपतं. अशी मुलांच्या शिक्षणाबरोबर झोपलेली खाती मी डझनभर तरी पाहिली आहेत. शेवटची पोस्ट जुलैतली, ॲडमिशनच्या आठवड्यातली.

गावाकडच्या आठवडे बाजारात ग्रामपंचायतीचा माणूस पावती फाडतो, पाच-दहा रुपये घेतो. त्या पावतीवर जागेचा नंबर नसतो, पण जागा ठरलेली असते. भाजीवालीची जागा तिच्या सासूपासून चालत आलेली, शेजारी बोंबीलवाला, पलीकडे काकणवाला. कुणी तिथे पथारी पसरली तर भांडण होतं आणि चार माणसं भाजीवालीच्या बाजूने बोलतात. फेसबुक-इन्स्टावर पावती नाही, पण जागाही ठरलेली नाही. आज तुमचं दुकान वेशीजवळ, उद्या ओढ्यापलीकडे. इन्स्टाग्रामवर पूर्वी पोस्टी टाकलेल्या क्रमाने दिसायच्या, 2016 मध्ये तो क्रम गेला आणि कोणती पोस्ट कुणाला दाखवायची ते यंत्र ठरवू लागलं. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की यापुढे मित्र-नातलगांच्या पोस्टींना प्राधान्य, पानांच्या पोस्टी मागे. धंद्याची पानं चालवणाऱ्यांना तो बदल आकड्यांत दिसला. हजारो 'फॉलोअर' असलेल्या पानावरची पोस्ट शंभर-दोनशे लोकांपुढे जाऊ लागली आणि खाली निळं बटण आलं: बूस्ट करा.

बूस्टचा हिशेब फारसा कुणी करत नाही. जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो. ज्याची स्वतःची जीएसटी नोंदणी आहे, तो ही रक्कम आपल्या कराच्या हिशेबात वळती करून घेऊ शकतो. घरगुती धंदेवालीची नोंदणी नसते, म्हणजे तिला जाहिरात मोठ्या कंपनीपेक्षा महाग पडते. दोन हजारांच्या बूस्टमधून आलेली माणसं कुठली, तेही बघावं लागतं. एका बेकरीवाल्याने बदलापूरसाठी केलेली जाहिरात चुकून सगळ्या महाराष्ट्रात सुटली. नांदेड आणि गोंदियातून चौकशा आल्या, केक मात्र स्टेशनच्या पुढे जाणारा नव्हता.

त्यापेक्षा व्हॉट्सॲप बरं, असं अनेकांचं मत. माझंही काहीसं तसंच आहे, पण तिथेही कुंपण आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच बसतात आणि निरोप पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच. घाऊक निरोप पाठवायला बाजारात स्वस्त सॉफ्टवेअर मिळतात आणि ती वापरली की नंबर बंद पडू शकतो. व्हॉट्सॲप दर महिन्याला भारतात लाखोंच्या संख्येने खाती बंद करतं आणि तसा अहवालही देतं. त्यात घोटाळेबाज असतात, तसा एखादा दिवाळीच्या घाईत सापडलेला उटणेवालाही असणार. रीतसर मार्ग आहे, त्यात जाहिरातीच्या प्रत्येक निरोपाला पैसे पडतात. 2025 च्या जुलैपासून हा दर निरोपागणिक झाला आहे. मोठ्या दुकानाला तो परवडतो. अडीचशे गिऱ्हाइकं असलेली बाई संध्याकाळी बसून एकेकीला वेगळा निरोप टाइप करते. तेच तिला परवडतं आणि खरं सांगायचं तर तोच निरोप वाचला जातो.

जागेची शाश्वती नसणं म्हणजे काय, याचा धडा आपल्याकडे दोनदा मिळाला आहे. 29 जून 2020 ला सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. तालुक्याच्या गावातली पोरं तिथे दुकानाच्या, सलूनच्या, कपड्यांच्या चित्रफिती टाकून नावारूपाला आली होती. एका रात्रीत ते सगळे चाहते गेले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केलं आणि सगळे तिकडे पळाले, पण शून्यापासून. दुसरा धडा 4 ऑक्टोबर 2021 चा. सोमवारी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकदमच बंद पडली, जवळपास सहा तास. तीन दिवसांवर घटस्थापना होती. त्या रात्री ताईने वही काढून गिऱ्हाइकांना साधे एसएमएस करायचं ठरवलं. तेव्हा कळलं की वहीत नावं आहेत, नंबर नाहीत. नंबर सगळे व्हॉट्सॲपच्या गप्पांत. आता तिच्या वहीत नंबरासाठी वेगळा रकाना आखलेला असतो, लाल पेनाने.

सगळं बंद पडलं तर निदान सगळ्यांचंच बंद पडतं. एकट्याचं खातं गेलं तर माणूस खरोखर एकटा पडतो. अहिल्यानगरजवळच्या (तेव्हाचं अहमदनगर) सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', यांचं यूट्यूब चॅनल 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक झालं होतं. त्यांचं नाव मोठं झालेलं होतं, वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या आणि काही दिवसांत चॅनल परत मिळालं. ज्यांची बातमी होत नाही त्यांचं काय? साताऱ्याकडच्या एका ओळखीच्या शिवणकामवालीला निरोप आला: तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत इथे अपील करा. तिने घाबरून दुव्यावर जाऊन पासवर्ड भरला. सहा वर्षांचं पान गेलं, त्यावर आता कुणीतरी परदेशी गॉगल विकतो. दाद मागायला ती कुठल्या कचेरीत जाणार? कंपनीच्या मदतकेंद्रात फिरून फिरून तोच फॉर्म पुढे येतो. 2023 च्या जूनमध्ये मेटाने भारतात निळी खूण महिना 699 रुपयांना विकायला काढली, आणि त्या पैशांत माणसाशी बोलायची सोयही देऊ केली. म्हणजे तक्रार ऐकून घेण्याचेही पैसे.

एक सरकारी वाट मात्र आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. मार्च 2023 पासून ती काम करते आणि तिला शुल्क नाही. मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या एकानेही हे नाव आधी ऐकलेलं नव्हतं. शिबिरांत रील कसं करायचं ते शिकवतात, हे सांगत नाहीत.

फसवणुकीचे बाकीचे प्रकार आता बहुतेकांना पाठ झाले आहेत, तरी माणसं सापडतातच. सगळ्यात जुना म्हणजे फौजीचा. "आम्ही लष्करी छावणीतून बोलतोय, पन्नास जेवणाचे डबे हवेत, पैसे आगाऊ देतो, हा कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, एवढं एक लक्षात राहिलं तरी पुष्कळ. पण कढई गॅसवर असताना आणि पन्नास डब्यांची ऑर्डर कानावर पडताना ते आठवत नाही. दुसरा प्रकार पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवण्याचा. तिसरा, गुगलच्या नकाशावर तुमचं दुकान दिसावं म्हणून पैसे मागणारा फोन, जेव्हा ती नोंद मुळात फुकट असते. पैसे गेलेच तर 1930 वर ताबडतोब फोन करायचा. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

येवल्याच्या विणकरांची तक्रार वेगळी आहे आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. हातमागावर एका पैठणीला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. विणकर तिचा फोटो हौसेने टाकतो. तो फोटो तासाभरात उचलला जातो आणि दुसऱ्या खात्यावर यंत्रमागाच्या साडीवर चिकटवून काही हजारांना विकला जातो. गिऱ्हाइकाला जे मिळतं ते बघून ते पैठणीलाच नावं ठेवतं. भौगोलिक मानांकन आहे, रेशमासाठी सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हॅंडलूम मार्क आहे, पण फोनच्या पडद्यावर यातलं काहीच हाताला लागत नाही. साडी उलटी करून बघितली की कळतं, हातमागाच्या पैठणीची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, धागे लोंबत नाहीत. आता शहाणे विणकर फोटोऐवजी मागावरची चित्रफीत टाकतात, त्यात साडी उलटून दाखवतात आणि मध्येच स्वतःचं नाव बोलतात. आवाज पुसून चित्रफीत चोरणारेही निघाले आहेतच.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा समाजमाध्यमांवर जी गर्दी उसळली ती सगळ्यांना आठवत असेल. कंपनीला महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेला पत्र लिहून या चपलांचं मूळ मान्य करावं लागलं. यात माध्यमाची ताकद दिसली, हे खरं. पण त्या आठवड्यात जे लोक "अस्सल कोल्हापुरी" शोधत फोनवर आले, त्यांना सापडल्या त्या ज्यांची ऑनलाइन दुकानं आधीच थाटलेली होती त्यांच्या जाहिराती. चामडं कमावणारा आणि वेणी वळणारा कारागीर त्यात फारसा दिसला नाही. लाट येते तेव्हा होडी आधीच पाण्यात असावी लागते.

आणि लाट नेहमी भल्याचीच असते असंही नाही. ताईचं एक रील, कडबोळ्यांचं, एका वर्षी चांगलंच पळालं. कुणा अभिनेत्रीने ते पुढे पाठवलं होतं म्हणे. चार दिवसांत गुवाहाटीपासून कोचीपर्यंत विचारणा. तिच्या स्वयंपाकघरातून दिवसाला जास्तीत जास्त पंधरा किलो माल निघतो. घाईत लांबच्या बारा ऑर्डरी घेतल्या, त्यातल्या सात पेट्यांत पोचला तो भुगा. पैसे परत केले, कुरिअरचे वेगळे गेले. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, हेही त्याच आठवड्यात सीएने सांगितलं. हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे, कडबोळ्यांना नाही. कडबोळी हाताने वळतात, असं ताईने त्याला सांगून पाहिलं. अन्नपदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नंबर लागतो, तो तिच्याकडे पहिल्यापासून आहे. पुष्कळांकडे नसतो, आणि रील लोकप्रिय झालं की तेही कुणीतरी खालीच विचारतं.

अशा वेळी 'इन्फ्लुएन्सर' नावाची मंडळी धावून येतात. "एक डबा पाठवा, आम्ही दाखवू." 2023 च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक विभागाने सांगून ठेवलं आहे की फुकट मिळालेल्या वस्तूचं कौतुक करतानाही ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. डबे जातात, लिहिलेलं दिसत नाही. ताईने आता नियम केला आहे: पहिला डबा विकत घ्या, आवडला तर दुसरा माझ्याकडून.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण याकडे कुणाचं लक्षच नसतं. पत्रक डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉंटात होतं. तोच मजकूर फोनवर चिकटवला की नुसत्या चिन्हांचा खच पडतो. चित्रफितीवर अक्षरं लिहिणाऱ्या काही ॲपमध्ये जोडाक्षरं अजून फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. 'सुऱ्या' आणि 'सूर्य' यांचं काय होतं ते बघवत नाही. म्हणून विक्रेते रोमन लिपीत मराठी लिहितात: "tazi bhajni milel" अशा थाटात, आणि गिऱ्हाइकही तसंच शोधतं. तरी देवनागरीत लिहिलेल्या पोस्टखाली जी माणसं बोलतात ती जास्त बोलतात, हे मला जवळपास प्रत्येकाने सांगितलं. अलीकडे मजकूर यंत्राकडून लिहून घ्यायची पद्धत पडली आहे. "चवीचा अविस्मरणीय प्रवास" वगैरे. थालीपिठाला प्रवास कसला? ताईने एकदा असा मजकूर टाकला, तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "अगं, खातं दुसऱ्या कुणाला दिलंस का?"

राहता राहिला ब्लॉग आणि स्वतःचं संकेतस्थळ. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठीत ब्लॉगचा चांगला जोर होता. ब्लॉगर फुकट होतं, 1999 मध्ये निघालेलं आणि 2003 पासून गुगलकडे असलेलं. वर्डप्रेसही 2003 चंच. पाककृती, सहली, शेती, सगळ्यावर लोक लिहीत होते. अमेरिकेत असताना मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली, त्याच काळात इकडे कितीतरी जणी त्याच पाककृती लिहून ठेवत होत्या. बघणारे वाढले आणि लिहिणारे हळूहळू मागे सरले. धंदेवाल्यांनी तर ब्लॉगकडे पाठच फिरवली. आज लिहिलेलं सहा महिन्यांनी कुणाच्या तरी शोधात सापडणार, याला लागणारा धीर दिवाळीच्या भांडवलात बसत नाही.

त्यात संकेतस्थळाची स्वतःची दुखणी. माझ्या धाकट्या भावाने नर्सरीसाठी स्थळ करून घेतलं. करून देणाऱ्या मुलाने नाव स्वतःच्याच ईमेलवर नोंदवलं. पुढे तो बेंगळुरूला गेला, फोन उचलेना आणि दोन वर्षांनी आमच्या नर्सरीच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसायला लागल्या. भावाकडे पावती होती, मालकी नव्हती. हे इतकं सर्रास घडतं की मला आता आश्चर्य वाटत नाही. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी तिप्पट, हा या नोंदणीतला नेहमीचा खेळ. वर्डप्रेसचं दुकान घेतलं तर अधूनमधून डागडुजी करावी लागते, नाहीतर चोर शिरतात. ज्यांना हे सगळं नको होतं त्यांनी गुगलच्या व्यवसाय नोंदीबरोबर मिळणारं एकपानी फुकट स्थळ घेतलं. गुगलने 2024 च्या मार्चमध्ये ती सगळी स्थळं बंद केली. व्हिजिटिंग कार्डांवर छापलेले पत्ते तसेच राहिले. '.भारत' हा देवनागरी पत्ता 2014 पासून मिळतो, त्यावर मराठी नाव घेता येतं. घेतलेला एकच दुकानदार मला भेटला आणि त्याचा ईमेल त्या पत्त्यावर काही चालत नव्हता.

तरीही ज्यांनी चिकाटीने चार पानं लिहून ठेवली, त्यांच्याकडे मला एक वेगळी गोष्ट दिसली. देवगडच्या एका बागायतदाराचं साधं स्थळ आहे, एकूण सहा पानं, रंग भडक, फोटो कलते. त्यातलं एक पान आहे: पेटी उघडल्यावर काय करावं. गवतात आंबे कसे ठेवावेत, फ्रिजमध्ये का ठेवू नयेत, देठाकडे सुरकुती आली की समजावं, डाग पडला तर किती कापून टाकावं. हे त्याने 2017 मध्ये एका पावसाळी दुपारी, वीज गेलेली असताना, फोनवर लिहिलं. आजही मार्चअखेरपासून लोक हे पान शोधत येतात, दुसऱ्याकडून घेतलेल्या पेटीसाठीसुद्धा, आणि पुढच्या वर्षी याला फोन करतात. देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळांवर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावायला सुरुवात केली. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की आंबा देवगडचा आहे की नाही ते कळतं. याने ते कसं करायचं तेही त्याच पानाखाली चार ओळींत लिहून ठेवलं.

त्याला मी विचारलं, इतकं चांगलं चालतंय तर अडचण काय? तो हसला. स्थळाच्या नावाचं नूतनीकरण दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात यायचं. 2021 च्या ऑक्टोबरपासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बॅंकेचे नियम बदलले, आधी संमती लागते. 2022 मध्ये त्याचे पैसे त्यामुळेच गेले नाहीत. सूचना ईमेलवर आली होती. तो तेव्हा रोज पहाटे चारला उठून झेल्याने आंबे काढवून घेत होता, ईमेल बघायला वेळ कुणाला? स्थळ नऊ दिवस बंद राहिलं, ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. आता त्याने पाच वर्षांचे पैसे एकदम भरले आहेत, आणि तारीख पेट्यांच्या शेडमध्ये खडूने लिहून ठेवली आहे, गवताच्या भाऱ्यांच्या हिशेबाशेजारी.